बोटं हलली म्हणजे हाड शाबूत?

मनगट मुरगळल्याचं कुणाला कळायचा अवकाश, तो संदेश फोनवर येऊन पडतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: "मनगट लचकलं म्हणून लगेच एक्स-रेच्या मागे लागू नका. बोटं हलत असतील तर हाड मोडलेलं नाही. एक्स-रे काढलाच आणि नॉर्मल आला, तर विषय संपला. शीर सरकलेली असते. गरम तेलाने जोरात चोळून, अंगठा ओढून ती जागेवर बसवा. बर्फ चुकूनही नको, शिरा आखडतात. मग तीन आठवडे क्रेप बँडेज घट्ट बांधा, हात अजिबात हलवू नका. बँडेज सुटलं की दिवसभर स्पंजचा चेंडू दाबा. दुखलं तरी थांबू नका, दुखतं म्हणजे बरं होतंय. आणि एकदा लचकलेलं मनगट पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, जपूनच वापरा."

हा संदेश इतका फिरतो याचं कारण साधं आहे. मुरगळलेली बहुतेक मनगटं काहीही केलं तरी, किंबहुना काहीही न केलं तरी, दोन-चार आठवड्यांत बरी होतात. त्यामुळे संदेशाप्रमाणे वागलेले बहुतेक जण "मला गुण आला" असंच सांगणार, आणि ते खोटंही बोलत नसतात. प्रश्न उरलेल्या थोड्या लोकांचा आहे. मनगटाची खोड अशी की त्यातल्या सगळ्यात त्रासदायक दुखापती सुरुवातीला सगळ्यात सौम्य दिसतात. नेमक्या त्याच लोकांना हा संदेश घरी बसवतो.

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

"बोटं हलत असतील तर हाड मोडलेलं नाही."

बोटं हलवणारे मुख्य स्नायू मनगटात नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागात असतात. उजव्या हाताची मूठ उघड-बंद करा आणि डावा तळवा उजव्या कोपराच्या खाली ठेवा, आतली हालचाल हाताला लागते. तिथून दोरीसारख्या कंडरा निघतात आणि मनगटावरून जाऊन बोटांना खेचतात. वाटेतल्या हाडाला तडा गेला तरी कंडरा शाबूत असतात, म्हणून बोटं हलतात. दुखत दुखत का होईना, हलतातच. म्हणजे बोटं हलण्यावरून कंडरा आणि नसा काम करतायत एवढंच कळतं, हाडाबद्दल काहीच कळत नाही.

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसवलेली असतात. त्यांतलं अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड हे हाड त्या आठांत सर्वांत जास्त वेळा मोडतं. पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकतो आणि सगळा भार तळव्याच्या बुडावर येतो. वीस-पंचविशीतल्या, खेळणाऱ्या, दुचाकीवरून पडणाऱ्या तरुणांमध्ये हे नेहमीचं आहे. सूज बेताची असते, मनगट वाकडं दिसत नाही, बोटं झकास हलतात. पेला उचलता येतो. म्हणून "लचकलंय, जाईल दोन दिवसांत" असं म्हणून माणूस कामाला लागतो.

त्यात या हाडाचा रक्तपुरवठा विचित्र आहे. बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि उलटं मागे, कोपराच्या दिशेने वाहतं. मधोमध तडा गेला की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो आणि पुढे काही वर्षांत ऐन उमेदीत मनगटाचा संधिवात सुरू होतो. वेळेत कळलं तर बहुतेक वेळा काही आठवड्यांचं प्लास्टर पुरतं. महिनाभर दुर्लक्ष झालं, तर हाड न जुळण्याची शक्यता बरीच वाढते.

घरी एक गोष्ट पाहता येते. अंगठा वर आणि मागे ताणा, लिफ्ट मागताना दाखवतो तसा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताठ कंडरांच्या मध्ये एक छोटा त्रिकोणी खळगा दिसेल. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या टोकाने त्या खळग्यात दाबा. आधी चांगल्या हातावर दाबून बघा, कारण तिथे दाबल्यावर सगळ्यांनाच थोडं नकोसं वाटतं. दुखऱ्या हातावर मात्र तिथेच कळ आली, किंवा अंगठा त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे ढकलल्यावर दुखलं, तर ते मनगट स्कॅफॉइड मोडल्यासारखंच धरायचं आणि डॉक्टर गाठायचा. उलट, खळग्यात दुखलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. ही चाचणी शंका वाढवण्यापुरती आहे, शंका फेडायला नाही.

हातावर पडल्यावर मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलेलं दिसलं, तर अर्थातच घरी काही तपासत बसायचं नाही. अब्राहम कॉलिस या आयरिश सर्जनने १८१४ मध्ये नेमकं याच मोडीचं वर्णन लिहिलं. तोवर बहुतेक डॉक्टर त्याला सांधा निखळला असं समजत. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे कॉलिसने हे बोटांनी चाचपून ओळखलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी सोडवलेलं कोडं आज बोटं हलवून पुन्हा चुकवायची गरज नाही.

"एक्स-रे नॉर्मल आला तर विषय संपला."

एक्स-रे काढायलाच हवा असं प्रत्येक वेळी नसतं, एवढ्यापुरता संदेश बरोबर आहे. हलका हिसका बसला, सूज नाही, हाडावर कुठेही दाबून दुखत नाही, तळव्यावर थोडा भार देता येतो, अशा मनगटाला दोन-तीन दिवस बघायला हरकत नाही. पण काढलेला एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे हाड नक्की शाबूत, हे खरं नाही. स्कॅफॉइडचा बारीक तडा पहिल्या एक्स-रेमध्ये २० टक्क्यांपर्यंत निसटतो. म्हणून खळग्यात दुखत असेल तर चांगला डॉक्टर एक्स-रे स्वच्छ असूनही अंगठ्यासकट स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर धरणारा आधार, देतो आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतो. तोवर तड्याच्या कडांचं हाड थोडं विरघळतं आणि रेघ दिसू लागते. घाई असेल तर एमआरआय लवकर उत्तर देतो. हे दुसऱ्यांदा बोलावणं पैसे उकळण्यासाठी असतं असा संशय पुष्कळांना येतो. खरं तर जो डॉक्टर पहिल्या फिल्मवर समाधान मानत नाही, तोच तुमचं भलं करत असतो.

शिवाय साध्या एक्स-रेमध्ये लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, दिसत नाही. ते पूर्ण तुटलं असेल तर दोन हाडांमधली फट रुंदावलेली दिसते. स्कॅफॉइड आणि शेजारचं ल्युनेट यांच्यामधली फट तीन मिलिमीटरच्या वर गेली की ती संशयास्पद मानतात. या खुणेला टेरी-थॉमस या ब्रिटिश विनोदी नटाचं नाव आहे, कारण त्याच्या पुढच्या दातांत अशीच फट होती. डॉक्टर मंडळींना नावं ठेवण्याची हौस दांडगी. हे लिगामेंट तुटलेलं लवकर कळलं, तर शिवून नीट करता येतं. काही महिने उलटले की तीच शस्त्रक्रिया अवघड होते आणि निकालही तितका चांगला येत नाही. महिन्यानंतरही हाताच्या पाठीवर मधोमध दुखत असेल, पकड ढिली वाटत असेल, हलवताना खट् असा आवाज येत असेल, तर जुना नॉर्मल एक्स-रे दाखवून स्वतःची समजूत घालू नका.

"शीर सरकलेली असते, चोळून, ओढून बसवा."

मुरगळलेल्या मनगटात काहीही सरकलेलं नसतं. हाडांना हाडांशी बांधणाऱ्या लिगामेंटचे काही तंतू ताणले गेलेले किंवा फाटलेले असतात, किंवा स्नायू-कंडरा ताणलेल्या असतात. तंतू फाटले की आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते ती यामुळे. अशा जागी गरम शेक देऊन जोरात चोळलं की रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात. ओढलं तर अर्धवट फाटलेलं लिगामेंट पूर्ण फाटू शकतं. आणि मूळ दुखापत तड्याची असली, तर जागेवर असलेलं हाड ओढणारा स्वतःच सरकवतो.

ओढताना खट् झालं आणि "बसलं बघ" असं सगळे म्हणाले, हा अनुभव अनेक जण सांगतात. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाला की आवाज येतो, बोटं मोडताना येतो तसाच. त्यानंतर थोडा वेळ बरंही वाटतं.

या समजुतीमागे एक खरी गोष्ट असावी असं मला वाटतं. एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून उचललं किंवा झटका देऊन ओढलं की कोपरातल्या एका हाडाचं टोक त्याच्या कड्यातून किंचित निसटतं. मूल हात लोंबता ठेवतं, वापरत नाही, आणि पुष्कळदा कोपर न दाखवता मनगटच दाखवतं. जाणकार माणूस तो हात एका विशिष्ट पद्धतीने फिरवतो आणि काही मिनिटांत मूल खेळायला लागतं. बघणाऱ्याला ही जादूच वाटते. पण तो प्रकार कोपराचा आहे, लहान मुलांचा आहे आणि सहसा पडल्यावर होणारा नाही. मोठ्या माणसाच्या मनगटात बसवण्यासारखं काही नसतं. आणि मूल पडून त्याचं मनगट दुखत असेल, तर "लचकलं असेल" हे शेवटी म्हणायचं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळची वाढीची पट्टी लिगामेंटपेक्षा नाजूक असते, म्हणून मुलांमध्ये लिगामेंटआधी हाडच दुखावतं.

"बर्फ चुकूनही नको."

बर्फाने शीर आखडते हे खरं नाही. मात्र बर्फाच्या भक्तांनीही थोडं सबुरीने घ्यावं. विश्रांती, बर्फ, दाब आणि हात उंच ठेवणं हे चौघांचं सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि जगभर पाठ झालं. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं लांबू शकतं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच पहिला टप्पा आहे, ती पूर्ण दाबून टाकण्यात शहाणपण नाही, असा आजचा विचार. तरी बर्फाने ठणका कमी होतो, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत झोप लागणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. तेव्हा ठणका असेल तर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा. बर्फाचा खडा थेट कातडीवर कधीच नाही, कातडी भाजल्यासारखी होते. ठणका नसेल तर बर्फ न लावल्याने काही बिघडत नाही. शेकाला मज्जाव फक्त सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांचा. पुढे व्यायामाआधी कोमट पाण्यात हात बुडवला तर आखडलेपण सुटतं.

गोळ्यांबद्दल संदेश गप्प आहे, पण घरोघरी त्या घेतल्या जातातच. अशा दुखापतींसाठी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२० मध्ये पहिली पसंती वेदनाशामक जेलला दिली, गोळीला नाही. मनगट कातडीच्या अगदी जवळ असल्याने जेल तिथे चांगलं काम करतं. जेल हलक्या हाताने पसरायचं, रगडायचं नाही. मूत्रपिंडाचा विकार, जठरातले व्रण, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर सूज उतरवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

"तीन आठवडे घट्ट बांधा, हलवू नका."

पडल्याबरोबर करायचं काम संदेशात नाहीच: अंगठी आणि बांगड्या काढणं. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते.

बँडेज घट्ट म्हणजे किती घट्ट, हेही संदेश सांगत नाही. बांधल्यावर बोटाचं नख दाबा, ते पांढरं पडेल. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार, निळसर, बधिर किंवा फुगलेली वाटली तर बँडेज सैल करायचं, आणि तरीही सुधारलं नाही तर ताबडतोब दवाखाना. क्रेप बँडेजने मनगट तसंही फारसं स्थिर राहत नाही. धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असलेला मनगटाचा स्प्लिंट त्यापेक्षा बरा. मात्र तो तळव्यावर इतका पुढे येऊ नये की बोटं मुळापासून दुमडता येणार नाहीत. बाजारातल्या पुष्कळ स्प्लिंटची पुढची कड नेमकी तिथेच रुतते. आठवडाभर तसं राहिलं की मनगटापेक्षा बोटं जास्त आखडतात.

किती दिवस, हे दुखापतीवर ठरतं. हलक्या ताणाला दोन-चार दिवस आधार पुरतो. मधल्या प्रतीच्या फाटीला आठवडा-दोन आठवडे, तेही आंघोळीला आणि व्यायामाला काढून. हाड मोडलं असेल किंवा लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर तीन आठवडेही कमी पडतात आणि तो निर्णय डॉक्टरचा. म्हणजे सरसकट तीन आठवडे हे हलक्या दुखापतीला फार आणि जड दुखापतीला अपुरे. न हलवलेला सांधा झपाट्याने आखडतो आणि पुढच्या हाताचे, म्हणजे कोपर ते मनगट या भागाचे, स्नायू आटतात. नवे तंतू कोणत्या दिशेने रचायचे हे त्यांच्यावर पडणाऱ्या हलक्या ताणावरून ठरतं, ताणच मिळाला नाही तर ते वेडेवाकडे विणले जातात. बोटं, कोपर आणि खांदा मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचे.

"दिवसभर चेंडू दाबा."

हा सल्ला इतका सर्वमान्य आहे की त्याच्या विरोधात बोललं तर लोक चमकतात. चेंडू वाईट नाही, त्याची वेळ चुकते. मूठ जोरात आवळली की मनगटातली छोटी हाडं एकमेकांवर दाबली जातात आणि स्कॅफॉइड-ल्युनेटमधल्या लिगामेंटवर ताण येतो. हा ताण इतका खात्रीचा आहे की तुटलेल्या लिगामेंटची फट दिसावी म्हणून डॉक्टर मुद्दाम मूठ आवळायला लावून एक्स-रे काढतात. आणि आपण तीच क्रिया व्यायाम म्हणून दिवसभर करत बसायची! मनगटाच्या दुखण्यात खरी उणीव बहुधा मूठ आवळण्याची नसतेच, मनगट स्थिर धरण्याची असते.

माझ्या मते क्रम असा असावा. ठणका उतरला की पुढचा हात टेबलावर टेकवा, मनगट कडेबाहेर सोडा आणि हात सावकाश वर-खाली करा. मग कोपर अंगाला चिकटवून तळवा वर आणि खाली फिरवा. त्यानंतर तिरकी हालचाल, डार्ट फेकताना मनगट जातं तशी, अंगठ्याकडून मागून करंगळीकडे पुढे. या तिरक्या वाटेत स्कॅफॉइड आणि ल्युनेट कमीत कमी हलतात, म्हणून दुखऱ्या मनगटालाही ती सोसते. हे जमलं की चांगल्या हाताने विरोध करा: दुखरा हात वर ढकलू पाहतो, चांगला हात त्याला तसूभरही हलू देत नाही, पाच-दहा सेकंद. नंतर अर्ध्या लिटर पाण्याची बाटली. मग भार: आधी भिंतीवर तळवा टेकून, मग टेबलाच्या कडेवर, सगळ्यात शेवटी जमिनीवर. चेंडू यात मध्ये कुठेतरी येतो, तोही मऊ आणि थोडा वेळ.

"दुखतं म्हणजे बरं होतंय." हे वाक्य ऐकायला मर्दानी असलं तरी उपयोगाचं नाही, आणि "दुखलं की लगेच थांबा" हेही तितकंच निरुपयोगी. दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं व्यायाम करताना चालतं. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी असते. रात्रभरात दुखणं पूर्वीच्या पातळीवर आलं, तर मात्रा बरोबर होती. सकाळी मनगट जास्त सुजलेलं, जास्त आखडलेलं असेल, तर कालचं निम्मं करा. बोटांना मुंग्या येणं, अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर होणं हे मात्र सोसायचं दुखणं नव्हे, ते नसेवरच्या दाबाचं लक्षण आहे.

न पडता, हळूहळू सुरू झालेल्या दुखण्याला यातलं बरंचसं लागूच होत नाही. तान्हं बाळ दिवसभर उचलणाऱ्या आईला किंवा सतत अंगठ्याने फोन चालवणाऱ्याला अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ येते, ते बहुधा अंगठ्याच्या दोन कंडरांच्या म्यानाचं दुखणं असतं. फ्रिट्झ द केरव्हेन या स्विस सर्जनने त्याचं वर्णन १८९५ मध्ये केलं. तिथे चेंडू दाबणं म्हणजे आगीत तेल. अंगठा धरून ठेवणारा स्प्लिंट, बाळाला अंगठे ताणून काखेत धरण्याऐवजी हाताच्या ओंजळीत घेणं, आणि नाहीच थांबलं तर एखादं इंजेक्शन, असा त्याचा मार्ग. आणि मार लागलेला नसताना मनगट लाल, गरम, सुजलेलं असेल, सोबत ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्या दिवशीच दवाखाना.

"पहिल्यासारखं होत नाही."

होतं. हलकं लचकलेलं मनगट दोन-तीन आठवड्यांत, मधल्या प्रतीचं सहा-आठ आठवड्यांत कामाला लागतं. आतले तंतू पक्के व्हायला मात्र कित्येक महिने लागतात, म्हणून महिन्याभराने जड वजन उचलल्यावर कुरकुर झाली तर घाबरायचं कारण नाही. कायमचं अधू राहिलेलं मनगट बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं: वेळेत न ओळखलेला तडा किंवा तुटलेलं लिगामेंट, नाहीतर भीतीपोटी महिनोन्महिने जपून जपून आखडवलेलं. "जपूनच वापरा" हा सल्ला दुसरा प्रकार वाढवतो.

पन्नाशी ओलांडलेल्या, विशेषतः पाळी थांबलेल्या बाईचं मनगट नुसतं उभ्या उंचीवरून पडून मोडलं असेल, तर मनगट जुळल्यावर काम संपत नाही. हाडं ठिसूळ झाल्याची ती अनेकदा पहिली खूण असते. त्या भेटीतच हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा स्कॅन, करायची का हे डॉक्टरला विचारावं. त्यांनी विषय काढला नाही तरी आपण काढावा.